चिमणीची झाली चिमनी

आई, तू जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि मी तीच चूक दुसऱ्यांदा केली. हे लिहून घेतेय माझी नात. अक्षर तिचं, चुका माझ्या. कॉलेजात जाते, मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते. तुला तिचा एक शब्द कळला नसता, तरी पोटभर जेवू घातलं असतंस.

मुलाची बँकेची नोकरी, म्हणून आम्ही लखनौला, महानगर नावाच्या वस्तीत राहतो. मतदारांच्या यादीसाठी नावं लिहायला शाळेतल्या एक बाई दारात आल्या. नात नुकती अठराची झालेली, आत केस पुसत बसली होती. म्हटलं, ये गं, नाव सांग. तिथूनच ओरडली, "आजी, आप ही लिखवा दो ना! एक वोट से क्या होता है यार!" मी आपली जन्मापासून तिला जी हाक मारते तीच सांगून मोकळी झाले, चिमणी. बाईंनी लिहिलं चिमनी. इकडे चिमनी म्हणजे धुराडं, आई, वीटभट्टीचं! यादी शाळेच्या भिंतीवर लागली, मुलानं ती वाचली आणि घरी येऊन डोळ्यांत पाणी येईतो हसला. पोरगी मात्र लाल झाली. "पूरे मोहल्ले ने पढ़ लिया! भट्ठा हूँ मैं?" मी म्हटलं, एका मतानं काही होत नाही ना, मग ते धुराड्याच्या नावावर असलं तर तुझं काय गेलं? दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या दोन दिवसांत तू फार आठवलीस. देशातली पहिली निवडणूक व्हायची होती, यादी करणारा माणूस आपल्या दारात आला, मी बाळंतपणाला माहेरी आलेली. घरात बायका कोण कोण, त्यानं विचारलं. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, लिहा, दादाची आई. गावात तुला दुसरं काही म्हणत तरी कोण होतं! पुढे अमक्याची आई, तमक्याची बायको अशी सगळी नावं यादीतून खोडली गेली. तू ठेवणीतलं लुगडं नेसून मत द्यायला गेलीस आणि तशीच परत आलीस. मी पुन्हा माहेरी येते तेव्हा तू भाकरी थापते आहेस, माझ्याकडे बघत नाहीस. "मी आतच होते," म्हणतेस, "मला तोंड होतं. विचारायचंस." एवढंच. आणि पहिली भाकरी माझ्याच ताटात.

म्हणून रविवारी पोरीला म्हटलं, चल, तुझं नाव आता तूच सांग. शाळेत टेबलामागे एक साहेब बसले होते, बोलणं अगदी मधाळ. "बिटिया, ग़लती तो दादीजी की है. अगली बार ठीक करा लीजिएगा." मी गरीब गाईसारखी उभी. ही म्हणाली, "अगली बार क्यों? नाम मेरा है. फ़ॉर्म दीजिए." फॉर्म भरला, पावती मागून घेतली. मागे उभ्या बाईचं वय यादीत तिच्या सुनेपेक्षा कमी लागलं होतं, तिचाही भरून दिला. त्या बाईला ते वय सोडवत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पुढच्या रविवारी ही दोन मैत्रिणींना ओढत घेऊन गेली, त्यांची नावंच लागली नव्हती. आता हिचं नाव नीट झालंय. मत कुणाला देणार म्हणून विचारलं, तर मलाच शिकवते, "आजी, वो गुप्त होता है."

आत्ता हिनं पाकीट आणलंय. मेलेल्या माणसाला पाकीट कशाला, पण हिचा हट्ट. वर लिहायला तुझं नाव विचारलं, मी सांगितलं. म्हणते, "ये तो शादी के बाद वाला है ना? उनका अपना क्या था?" लग्नात तुझं नाव बदललं, एवढं मला ठाऊक आहे. आधीचं काय होतं ते ठाऊक नाही, आई. इतकी वर्षं तुझ्या हातचं जेवले, पण कधी विचारलं नाही. पोरगी एकेक शब्द लिहिते आणि वर माझ्याकडे बघते. मी म्हटलं, पाकीट कोरंच राहू दे.