एका बोटाची फट

३ जुलै, गुरुवार

आजही पाठ भरली. कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ, पट्टी लावून ओढल्यासारखी. परिपाठाला फळ्याकडे वळले आणि तिसरीच्या रांगेतून हसू फुटलं. मुख्याध्यापक रामहरी सर गंभीर चेहरा करून म्हणाले, "मॅडम, आज पाठीवर कुठली नदी काढलीत?" भूगोलाचा तास माझाच आहे!

सायकल मला शाळेत मराठी शिकवणाऱ्या विष्णुपंत सरांनी दिली तेव्हा मी किती मिरवले होते. त्यांच्या मुलानं, अवधूतनं शर्यतींसाठी घेतलेली, तो पुण्याला गेला आणि ती जिन्याखाली पडून राहिली. मी डी.एड. झाले, वस्तीच्या शाळेत मानधनावर लागले, तेव्हा सर म्हणाले, "घेऊन जा, तिथं जायला एसटी नाही." वाकडं हँडल, बारीक टायर, डिस्क ब्रेक. आणि मडगार्ड? नाही. पुढं नाही, मागं नाही. चाकाभोवती नुसती हवा. आमच्या कोल्हारपासून चार किलोमीटर डांबर, तिथून दोन किलोमीटर काळी माती. ती सगळी माती रोज माझ्या पाठीवर.

वस्तीच्या तोंडाशी गोजरबाईंचं घर. त्या अंगणात उभ्याच असतात. "आला का बाई? लई चिखल हाय का वाटंला?" मग माझ्या मागं येऊन, कमरेत वाकून नीट बघणार. माझी फजिती बघायला एवढं वाकायचं काय कारण?

त्यांची भीमा आज पुन्हा शेळ्यांमागे दिसली. सातवीत पहिली आलेली मुलगी! आमच्या शाळेत पुढचा वर्ग नाही. कोल्हारच्या हायस्कुलात आठवीला नाव घातलंय, सरकारकडून मुलींना मिळते ती सायकलही मिळालीय. ती सायकल गोठ्यात टांगलेली आहे. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.

"मावशी, भीमाला कधी पाठवताय?"

"चिखल सरू द्या, बाई."

चिखल सरेल दिवाळीला.

४ जुलै, शुक्रवार

मधल्या सुट्टीत भीमा शेळ्या घेऊन शाळेच्या मागं आली होती. विचारलं, खरं सांग, जायचं नाही का तुला? म्हणाली, "जायचंय. पण आई म्हणती चिखलातनं न्हाई." थोड्या वेळानं हळूच, "तुमच्या पाठीला बी पोरं हसत्यात, बाई."

म्हणजे हे आहे तर. पांढरा शर्ट, मागं डाग, आणि मुलं हसणार. आणि तिच्या आईसमोर रोज या गोष्टीची जिवंत जाहिरात कोण करतं? मीच! जून महिन्यात मी याच वहीत लिहिलं होतं की या वस्तीतली एकही मुलगी सातवीनंतर घरी बसणार नाही. भीमाची थोरली बहीण नववीतून घरी बसली, आता सासरी आहे. हिचं तसं होऊ देणार नाही.

हायस्कुलाच्या क्लार्कनं सांगितलंय, ३१ जुलैपर्यंत मुलगी हजर झाली नाही तर पटावर 'सतत गैरहजर'.

भीमाच्या सायकलीला मडगार्ड आहेत. तशीच माझ्याही सायकलीला लावायची, आठ-पंधरा दिवस स्वच्छ पाठीनं गोजरबाईंसमोर उतरायचं आणि म्हणायचं: बघा, मडगार्ड असलं की काही होत नाही. भीमाला तर लावायचीही गरज नाही.

यापेक्षा सोपं काय असेल?

७ जुलै, सोमवार

सोपं! स्टँडजवळच्या सहादेवमामांकडे गेले. चाळीस वर्षं सायकलीच करतात. माझ्या सायकलीकडे बघून हातातली पक्कड खाली ठेवली. "ताई, ही रेसर. रेसरला मडगार्ड म्हणजे घोड्याला छत्री."

त्यांच्याकडे होती ती लोखंडी, दूधवाल्याच्या सायकलीची. पुढच्या चाकाला धरून बघितलं तर मडगार्ड चाकाच्या दुप्पट रुंद. शिवाय लावायचं कुठं? साध्या सायकलीला त्यासाठी भोकं असतात. या सायकलीला भोकं नाहीत. कंपनीच्या मते ही सायकल घेणाऱ्याला चिखल लागणार नसावा.

"भोक पाडून देऊ का?" मामा ड्रिल शोधायला लागले. मी सायकल घेऊन पळाले.

८ जुलै, मंगळवार

मोबाईलवर मागवलं. 'कोणत्याही सायकलीला बसेल' असं लिहिलंय. पाठ आजही भरली.

१२ जुलै, शनिवार

कोणत्याही सायकलीला बसतं. माझ्या सोडून.

व्हिडिओतला माणूस हसत हसत दोन मिनिटांत बसवतो. मला दीड तास लागला. मागचं सीटच्या दांड्याला आवळायचं आणि ते शेपटीसारखं वर राहतं. रस्त्यावर पहिला खड्डा लागला की डावीकडे वळतं. सरळ करा, पुढचा खड्डा, पुन्हा डावीकडे. आज चिखल मधोमध उडाला नाही. डाव्या खांद्यावर उडाला. पुढचं तर गुडघे सोडून बाकी सगळ्याचं रक्षण करतं.

गोजरबाई वाकल्या, मागचं शेपूट बोटानं हलवून बघितलं.

"मधी कुठं उतरावं लागलं का, बाई?"

"नाही हो. पण ही पाठ बघा ना!"

"पाठ काय, धुता येती," म्हणाल्या आणि आत गेल्या. टोमणा मारायचा तर तो असा मारावा.

१४ जुलै, सोमवार

विष्णुपंत सरांचा फोन. फोटो पाठवला होता मी. "राजनंदिनी, हे मडगार्ड नव्हे, हा कागदी पंखा आहे. पूर्ण लांबीचं लाव. चाकाला धरून. अर्धवट कामात समाधान मानू नये." मला वाटलं सर निबंधावर बोलतायत. पण पटलं.

वडिलांनी, अण्णांनी ते ऐकलं. अण्णा शेतांत पाइपलाइन टाकायची कामं करतात. सायकलीभोवती एक चक्कर मारली. "पन्नासचा पीव्हीसी पाइप हाय पडलेला. रैवारी बघू."

म्हटलं, अण्णा, पाइपाचं मडगार्ड?

"डी.एड. झालीस ना? पाइप उभा चिरला की काय व्हतं, सांग."

पन्हळ होते. मडगार्डही पन्हळच असतं. खरंच की!

२० जुलै, रविवार

हात पोळलाय, नखांत वाळू आहे, पण मडगार्ड झाली!

अण्णांचं काम बघत राहावं असं असतं. पाइपात वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना चिंध्यांचे बोळे. शेकोटीवर हळूहळू फिरवत शेकला. वाळू नसती तर पाइप वाकताना चेपला असता, हे मला आज कळलं. ऊन झालेला पाइप चाकाच्या जुन्या रिंगेवर वाकवला, वर पाणी ओतलं. मग करवतीनं उभा चिरला. आधारासाठी जुन्या छत्रीच्या काड्या. (सहादेवमामांना कळलं तर!) भोकं नाहीत तर अण्णांनी पाइपाचे छोटे क्लॅम्प दांड्यांना आवळले, खाली ट्यूबचे तुकडे घातले. कुठं ड्रिल नाही, कुठं ओरखडा नाही.

भांडण झालं ते फटीवरून. टायर आणि मडगार्ड यांच्यात किती जागा ठेवायची? अण्णा म्हणाले, तीन बोटं. मी म्हटलं, एक. व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय, जितकं जवळ तितकं चांगलं, पाणी बाजूनं उडत नाही आणि दिसायलाही नीट. मी तो भाग दोनदा लावून दाखवला.

"त्याच्या गावाला रस्ता डांबरी आसंल," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तो तज्ज्ञ आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं आणि एका बोटावर नट आवळले. मी जिंकले म्हणून मला केवढा आनंद झाला. सर म्हणाले होते तस्संच — चाकाला धरून, पूर्ण लांबीचं. पांढरी मडगार्ड, निळी सायकल. गल्लीतून दोन चकरा मारून आले.

उद्या पांढरा ड्रेस घालणार. मुद्दाम. गोजरबाईंना पाठ दाखवणार.

२१ जुलै, सोमवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

चार किलोमीटर डांबरावर उत्तम. पाठ कोरडी, पाय कोरडे. काळ्या मातीत शिरले. शंभर पावलं गेले असेन. सायकल जड झाली. मग आणखी जड. मग थांबलीच. माती टायरला चढली, टायरवरून मडगार्डात गेली आणि त्या एका बोटाच्या फटीत ठासून बसली — अण्णांनी पाइपात वाळू ठासली होती तशी. चाक फिरेना. पुढचं नाही, मागचं नाही. बाभळीच्या काडीनं उकरलं, काडी मोडली. पेनानं उकरलं. पेनही गेलं. दहा पावलं ढकलली की पुन्हा तेच.

शेवटी खांद्यावर घेतली. पांढऱ्या ड्रेसवर! दोन किलोमीटर, सायकल माझ्यावर बसून आली.

अंगणात गोजरबाई आणि भीमा दोघी. गोजरबाई आज माझ्या मागं न येता चाकाशी वाकल्या. मग म्हणाल्या, "अडकली?"

"अडकली."

"मडगार्डात?"

"हो."

त्यांनी भीमाकडे एकदा बघितलं आणि आत गेल्या. भीमानं मान खाली घातली. संपलं. दोन आठवडे मी स्वच्छ पाठ दाखवायची वाट बघत होते आणि दाखवलं काय, तर सायकल माणसावर कशी बसते ते.

शाळेत पोचले तेव्हा पहिला तास संपत आला होता. रामहरी सरांनी फक्त हजेरीपट पुढं केला. नदीबद्दल विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२२ जुलै, मंगळवार

काढली. दोन्ही. काल घरी आल्या आल्या. अण्णांनी पाना हातात दिला, "तीन बोटं म्हनलो हुतो," एवढंच. एवढंच म्हणाले म्हणून जास्त लागलं. चिडायला काही जागाच ठेवली नाही.

तीन बोटं ठेवून पुन्हा लावू का, असंही विचारलं त्यांनी. नको म्हटलं. या मातीचा आता मला भरवसा नाही. माझाही नाही.

आज पुन्हा नेहमीची रेघ. गोजरबाई पुन्हा मागं येऊन वाकल्या.

"काढली व्हय मडगार्डं?"

"काढली."

"आन आज न्हाई अडकली कुठं?"

"नाही, मावशी. आज फक्त घाण झाले."

"हां," म्हणाल्या. चांगला लांबलचक हां. मला रडू येत होतं आणि यांना हां सुचतो.

२४ जुलै, गुरुवार

क्लार्कना भेटले. दोन दिवस जास्तीचे मागितले. "मॅडम, तुमच्या एका मुलीसाठी मी तारीख सरकवू का?" हो, सरकवा ना! असं म्हणायचं होतं. "बरं सर," म्हणाले.

भीमानं माझ्या वर्गाच्या खिडकीतून फळ्यावरचं गणित सोडवलं, बोटानं, भिंतीवर. उत्तर बरोबर होतं. मी पुढं शिकवत राहिले.

२५ जुलै, शुक्रवार

गोजरबाई शाळेत आल्या. भीमाचा दाखला न्यायला आल्या होत्या, त्यानंतर पहिल्यांदाच. वाटलं, भीमा जाणार नाही हे सांगायलाच आल्या. दारातूनच म्हणाल्या, "बाई, तुमच्या पिशवीत दहाचा पाना आसतो ना?"

मोटरीचं काही असेल. दिला. भीमाचा विषय काढायची हिंमतच झाली नाही. पदराखाली पाना झाकून गेल्या, जसं काही मी परत मागणार होते.

२८ जुलै, सोमवार

काळ्या मातीच्या वाटेवर समोरून सायकल येत होती. मला वाटलं कुणी मुलगा. भीमा होती! अंगात बापाचा जुना शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हँडलला खताची पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला युनिफॉर्म. पुढं मडगार्ड नाही, मागं नाही. थांबलीच नाही. "बाई, थांबले तर पाय टेकवावा लागंल!" एवढं ओरडून गेली. पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ.

अंगणात गोजरबाई. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "थोरलीची सायकल अशीच अडकायची, मडगार्डात. येक दिस उचलून आनता आनता वाटंतच अंधार पडला. मंग ती गेलीच न्हाई पुन्ना. तुमची म्हैनाभर बघितली म्या. येकदाच अडकली. मडगार्ड लावलं त्याच दिशी."

इतके दिवस त्या माझी पाठ बघतच नव्हत्या.

भीमाच्या सायकलीची मडगार्डं दाराशी उताणी ठेवलेली. पाणी भरलेली. एका मडगार्डातून कोंबड्या पाणी पीत होत्या, दुसऱ्यात माझा पाना धुऊन ठेवला होता.