एकोणतिसाचा पाढा

बाई, तुम्ही मला मारलंत तो दिवस मी विसरले नव्हते, आणि माफ तर मुळीच केलं नव्हतं. तुम्ही गेल्याचं मला इथे दुबईत, करामाच्या फ्लॅटमध्ये फोनवर कळलं, तेव्हाही मी "बरं" म्हणून पोळ्या लाटत राहिले. आता लिहितेय. चौथीपर्यंतचं शिक्षण आहे, चुका काढू नका.

शाळेत तुम्ही आमच्या वर्गाच्या बाई, पण शनिवारी तुम्ही सुट्टी घेऊन घरी, विस्तवालाही हात लावायच्या नाहीत. गावात तुमच्या लोकांना शनवारतेली म्हणायचे. तुम्ही ज्यू, हे मला इकडे आल्यावर कळलं. सकाळी येऊन तुमची चूल पेटवायचं काम माझं. उन्हाळ्यात मुंबईहून तुमच्याकडे ती गोरी मावशी यायची. जगाच्या त्या मोठ्या लढाईनंतर कुठल्याशा थंड देशातून आलेली, तुमच्याच धर्माची, नात्याची नाही, पण सांभाळायच्या तुम्हीच. कोकणातला एप्रिल, आम्ही घामानं निथळतोय आणि ही मनगटापर्यंत बाह्या, बटणं लावून बसलेली. उशीखाली भाकरीचे तुकडे, त्यांना मुंग्या. मला हसू यायचं. तुम्ही म्हणायच्या, "हसू नको. तुझं काम कर." बस, एवढंच.

आणि तो शनिवार. शाळेत हेडमास्तर पाढे विचारणार आहेत. एकोणतिसाचा मेला मला कधी यायचाच नाही, म्हणून कोपरापासून मनगटापर्यंत शाईनं आकडे लिहून आलेय. चूल फुंकायला बाही वर केली आणि मावशीच्या हातून कप पडला. तोंड उघडं, आवाजच नाही. मग तुम्ही. एवढ्या शांत बाई, फाडकन कानाखाली दिलीत, ओढत न्हाणीत नेलंत आणि काथ्यानं माझा हात घासलात, साल निघेपर्यंत. रडत होतात. मी ओरडतेय, "बाई, परत कॉपी नाही करणार!" तुम्ही घासताच आहात. मी शाळा सोडली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या दारात आलात, "ये गं पोरी, माझं चुकलं," म्हणालात. का मारलं ते नाही सांगितलंत. मी आतून कडी घातली.

परवा गिऱ्हाइकांच्या डब्यांसाठी गवार मोडत बसले होते, लेक टीव्ही बघत होती. पडद्यावर एका म्हातारीनं बाही वर केली. हातावर आकडे. शाईचे नाहीत, गोंदलेले.

"हे काय गं?"

"कॅम्पमध्ये नंबर टाकायचे, मम्मा. नाझी लोक. ज्यूजना. मग गॅस. किड्सना ऑल्सो. जिप्सींना पण मारलं, आजारी, वेडे, सगळे."

"का? काय केलं होतं त्यांनी?"

"नथिंग. ज्यू होते."

"अगं, पण केलं काय?"

"मम्मा! नथिंग म्हटलं ना!"

आतून नवरा ओरडला, "खलास, बदल ते चॅनल! जेवताना मढी कशाला?"

गवार तशीच पडली. बाई, रागाच्या भरात माणूस माणसाला मारतो, ते मला कळतं. पण हे रांगा लावून, नंबर टाकून, हापिसचं काम केल्यासारखं? पोरंसुद्धा? डोळ्यासमोर एकच, मावशीचा कप. तिला माझ्या हातावर पाढा दिसलाच नव्हता. आणि तुम्ही? तुमच्या दाराच्या चौकटीवरची ती तुमच्या धर्माची छोटी नळी आम्ही पोरंही जाता-येता शिवायचो, गावात कुणी हूं म्हटलं नाही. तुमचा जन्म तिकडे झाला असता तर त्या रांगेत तुम्ही असतात. मला पाढे शिकवणारी बाई. हे काही डोक्यात बसत नाही. दोन दिवस झाले, भाजीत मीठ दोनदा पडतंय.

तुमच्याशी भांडायलाच बसले होते, सांगितलं का नाहीत म्हणून. नऊ वर्षांच्या पोरीला हे काय सांगणार, तेही आता कळतंय. पण माझी लेक तर चौदाची आहे. काल शाळेतून आली ती मनगटावर मैत्रिणीचा मोबाईल नंबर लिहून. मी हात धरला, सिंकपाशी नेली आणि भांड्यांच्या साबणानं घासायला लागले.

"मम्मा, आर यू मॅड? नंबरच आहे फक्त!"

मी घासतच राहिले. तिनं हात सोडवला, खोलीत गेली, दार लॉक. मी बाहेर उभी, ओल्या हातांनी. सगळं तिनंच मला सांगितलेलं, तरी तोंड उघडेना.

हे कागद कुठे पाठवणार, पिठाच्या डब्याखाली ठेवतेय. तुम्ही आमच्या दारात उभं राहून दोन शब्द तरी म्हणालात, बाई. माझ्या तोंडून तेवढेही अजून निघालेले नाहीत.