मानेवरचा हात

प्रिय ताई,

फोन केला नाही, कारण तू तो मध्येच ठेवून दिला असतास. आणि मी तोंडाने बोलायला लागलो की त्याचं भाषण होतं, हे तूच लहानपणापासून सांगत आली आहेस. ‘भोंगा’ हे नाव मला तूच दिलंस. म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

आई बरी आहे. बोलत नाही, पण भांडी आपटते, म्हणजे बरीच आहे म्हणायची. रविवारी मी तुला माहेरी आणायला येणार, हे ठरलंच आहे. तुझ्या दिराने तुझा निरोप मला शब्दन्‌शब्द सांगितला: ‘त्या क्रेनवाल्या बगळ्याचे दोन्ही हात मोडा. त्याशिवाय माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं नाही.’ ऐकून मी मान खाली घातली. कारण ताई, तुझा निरोप पोचायच्या आधीच लोकांनी तो अमलात आणला होता.

भाऊजींचं दहन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी यार्डाच्या फाटकासमोर सगळे जमले होते. मी बोलायला टेम्पोवर चढणार, एवढ्यात बगळा आला. एकटा, डबा हातात घेऊन, कामावर आल्यासारखा. कुणीतरी ओरडलं, ‘दारू ढोसून क्रेन चालवतो रे हा!’ दुसरा म्हणाला, ‘मित्र म्हणवत होता, मित्राच्याच डोक्यावर लोखंड सोडलं!’ पहिला फटका डब्यावर बसला. दुसरा तोंडावर. मग मोजायला कोण बसतंय! पट्टे निघाले, लोखंडी पाने निघाले, साखळी निघाली. तो पडला तसे लोक बुटांनी तुडवायला लागले. एकाने त्याचा उजवा हात लोखंडी रुळावर आडवा धरला आणि दुसऱ्याने त्यावर हातोडा घातला. तो आवाज मी अजून ऐकतो आहे. ओलं लाकूड मोडावं तसा.

मी त्यांना थांबवायला धावलो असं तुला वाटेल. नाही. माझ्या हातात पहार होती. दयेवर, माणुसकीवर मी व्यासपीठावरून घसा फोडून बोललो आहे, लोकांना रडवलंय. त्यातला एक शब्दही त्या वेळी माझ्या कामी आला नाही. माझी बहीण विधवा झाली होती आणि तिला विधवा करणारा समोर मातीत लोळत होता, एवढंच मला कळत होतं. लोकांनी मला वाट करून दिली. मानच दिला म्हण ना, घरचा माणूस म्हणून.

आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मारताना कुणी तोंडाकडे बघत नाही, मी बघितलं, तिथेच माझी पंचाईत झाली. तो डोकं वाचवत नव्हता. शाबूत राहिलेला डावा हात तो पुन्हा पुन्हा स्वतःच्या मानेवर आपटत होता, मग तोच हात क्रेनचा दांडा ओढल्यासारखा खाली नेत होता. मानेवर चापट, दांडा खाली. लोकांना वाटलं, गयावया करतोय. एकजण हसून म्हणाला, ‘बघा, बगळा पंख फडफडवतोय!’ आणि त्या हातावरही घाव बसला.

मला मात्र ती खूण माहीत होती. ताई, तुलाही माहीत आहे.

आठव. दिवसभर हात उंच करून क्रेनला इशारे देताना भाऊजींचे खांदे भरून यायचे. नियमाचे मोठेमोठे इशारे सोडून त्यांनी आणि बगळ्याने आपसात छोट्या खुणा ठरवल्या होत्या. नाकाला हात म्हणजे थांब. मानेवर हात म्हणजे सावकाश खाली. त्या उंचीवर बोलणं ऐकू येत नाही, पण वर्षानुवर्षं त्या दोघांचं एकदाही चुकलं नाही. तीच खूण भाऊजींनी घरी आणली. तू वाढायला लागलीस की मान चोळायचे, आणि तू आमटीचा डाव हळूच खाली घ्यायचीस. मी चिडवायचो, ‘ही बायको आहे की क्रेन?’ तू तोच डाव माझ्या डोक्यात घालायला धावायचीस. पंगतीला बगळा असला तर तोही मान चोळायचा आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसायचे.

आता मी पुढे जे लिहितो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शेवटचं अंग पुसताना भाऊजींच्या मानेवर, डाव्या कानाखाली, लाल टणक गाठ होती. गांधीलमाशी चावल्याची. यार्डातल्या शेडच्या तुळईला गांधीलमाश्यांचं पोळं आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. फाटकासमोर, हातात पहार असताना लागला. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा वर लटकत होता, भाऊजी कडेला उभे होते. माशी चावली, हात मानेवर गेला. वरून बगळ्याला तेवढंच दिसलं आणि त्याने गठ्ठा खाली घेतला. नेहमी ते खूण करता करता मागे सरायचे. त्या दिवशी वेदनेने वाकले ते पुढे, गठ्ठ्याखाली.

ताई, त्याच्या जागी परका क्रेनवाला असता तर तुझा नवरा आज जिवंत असता. परक्याने मानेवरच्या हाताकडे लक्षच दिलं नसतं.

मी पहार टाकली आणि त्याच्यावर आडवा पडलो. माझी भाषणं ऐकून टाळ्या पिटणाऱ्यांच्या लाथा मी त्या दिवशी खाल्ल्या. दोन बरगड्या गेल्या. ‘गद्दार’ म्हणाले, ‘बहिणीच्या कुंकवाचा सौदा केला’ म्हणाले. मी ओरडत राहिलो, पण जमावाला तोंडं हजार असतात आणि कान एकही नसतो. पोलीस आले तेव्हा कुठे पांगले.

दवाखान्यात मी बगळ्याला विचारलं, ‘अपघाताच्या चौकशीत हे सगळं सांगितलं का नाहीस?’ फुटलेल्या ओठांनी तो म्हणाला, ‘नियम मोडून त्याने भलता इशारा केला, असं लिहितील. मेलेल्या माणसावर खापर फोडू? त्यापेक्षा मी दारू प्यायलो होतो म्हणू दे लोकांना.’ 

दवाखान्याने त्याला चार दिवसांत घरी सोडलं. घर कुठलं! खोलीचं दार उखडलेलं, आत सगळं जाळलेलं, आणि गल्लीच्या तोंडाशी माणसं वाट बघत उभी. त्याला कुणी शोधायला येणार नाही अशी जागा या गावात एकच होती. ताई, तो आपल्या घरी आहे. तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगावर. हे तुला दारात आल्यावर कळू नये, म्हणून हे पत्र. आईने पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर तांब्या फेकला. ‘तुझं तोंड बघण्याआधी मी का मेले नाही!’ म्हणाली. पण त्याच्या दोन्ही हातांना प्लास्टर आहे, भरवणार कोण? तीच भरवते, त्याच्याकडे न बघता. काल ती ताट वाढत होती. त्याचा प्लास्टरमधला हात सवयीने मानेकडे निघाला आणि अर्ध्यावरच लटकला, तिथवर पोचेना. आईने ते पाहिलं. डाव सावकाश खाली घेतला, आणि मग पदरात तोंड खुपसून अशी रडली, की भाऊजी गेले त्या दिवशीही तशी रडली नव्हती. तू म्हणालीस, त्याचे हात मोडा. मोडले आहेत. आता रविवारी मी येतो. तू नको म्हणालीस तर त्याला दुसरीकडे हलवीन, पण तो बाहेर दिसला तर लोक त्याला जिवंत ठेवणार नाहीत. हो म्हणालीस तर एकच कर, आईच्या हातातला डाव एक वेळ तू घे.

तुझाच,
भोंगा