अंबाझरीचा टेंगरा आणि कामठीचे पाहुणे

गोळीबार चौक, नागपूर
होळीनंतरचा मंगळवार, १९७८

प्रिय रुपरावजी यांस,

उमरेडच्या दिशेनं तोंड करून बाबनचा नमस्कार. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्याची मुद्दाम वेगळी चौकशी. गेल्या पत्रात गुडघा बरा आहे असं तुम्ही लिहिलंत, पण ते इतक्या घाईनं उरकलंत की तो बरा नसावा असा मला संशय आहे. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. अक्षर पुष्पाचं आहे हे तुम्ही मामा म्हणून ओळखलं असेलच. माझ्या उजव्या हाताचा अंगठा वांग्याएवढा सुजला आहे (पुष्पा म्हणते, लहान वांग्याएवढा) आणि या सुजेचा उगम उमरेडला तुमच्या बैठकीत झाला असावा, असं मला दोन दिवसांपासून वाटतं आहे.

कामठीच्या वामनरावांच्या मुलासाठी तुम्ही पुष्पाचं नाव सुचवलंत. ते येऊन मुलगी पाहून गेले. पोहे दोनदा मागून घेतले, शिक्षण विचारलं, पण पसंत की नापसंत याबद्दल चकार शब्द नाही. आणि चपला घालता घालता मला म्हणाले, "तुमचे साळे सांगत होते, तुमाले गळानं मासे धराचा लय शौक आहे म्हणते. मंग रविवारी जाऊ ना अंबाझरीले." रुपरावजी, मी आयुष्यात मासा धरला तो फक्त ताटातला. जिवंत मासा बुधवार बाजारात लांबून पाहिलेला, तोही कुसुमच्या खांद्यामागून. हे तुम्हाला ठाऊक असताना तुम्ही असं का सांगितलंत? पण मी मुलीचा बाप. समोरचा म्हणाला तुम्हाला वाघ धरायचा शौक आहे, तरी मला "हो, थोडाफार" असंच म्हणावं लागलं असतं. तसंच म्हणालो.

मग मला झोप लागेना. अहो, कामठीच्या माणसाच्या दाराशी कन्हान नदी वाहते. ती सोडून हा गृहस्थ एवढ्या लांब तळ्यावर कशाला येईल? कारखान्याची बस रोज मला अंबाझरीवरूनच हिंगण्याला नेते, तेव्हा खिडकीतून तळ्याकडे बघत विचार केला आणि उलगडा झाला. ही परीक्षा! तुम्हाला आठवत असेल, कुसुमला आम्ही पाहायला आलो तेव्हा माझ्या आईनं तिच्या हातात सुताची गुंतलेली लडी ठेवली होती. आमच्या घरचा तो रिवाजच होता. जी मुलगी धागा न तोडता लडी सोडवेल ती संसार सांभाळेल, असं आई म्हणायची. कुसुम दुपारभर सोडवत बसली, आणि तुम्ही शेजारी उपाशी बसून आमच्याकडे रागानं बघत होतात. कोष्ट्याच्या घरात माणूस पारखायचा तर दोऱ्यावर पारखतात. वामनराव आज पॉवरलूम चालवत असले तरी रक्त तेच. गळालाही दोराच असतो ना?

दुसरी अडचण याहून मोठी. मासा लागला नाही तर शौक खोटा ठरणार. लागला, आणि वामनरावांच्या आधी लागला, तर मुलीकडच्यानं मुलाकडच्यावर वरचढपणा केला असं होणार. तेव्हा मी ठरवलं की पहिला मासा त्यांचा, दुसराही त्यांचा, आणि जमलं तर तिसरा, लहानसा, माझा.

रविवारी आम्ही पाण्याकाठी बसलो. माझ्या गळाला गांडूळ त्यांनी स्वतःच्या हातानं लावून दिलं (मुलाचा बाप मुलीच्या बापाची सेवा करतो, हे तुम्ही कधी ऐकलं आहे का?). थोड्याच वेळात माझ्या दोऱ्यावरचं तरंगतं बूच पाण्यात बुडालं. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. आकाशाकडे पाहिलं, पाणकोंबड्यांकडे पाहिलं, वामनरावांच्या मुलाच्या नोकरीबद्दल विचारलं. बूच वर आलं, पुन्हा बुडालं, मग बाजूला पळू लागलं. शेवटी तेच ओरडले, "अहो ओढा ना जी! काहून पाहून राहिले?" आता मुलाच्या बापाची आज्ञाच झाली म्हणून ओढलं, तर टेंगरा. वीतभर, मिशाळ, अंगावर खवले नाहीत, पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे एकेक असा काटा, आणि वर कुरकुर आवाज करत होता. मासा बोलतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वामनराव म्हणाले, "पह्यले हात ओले करा. कोरड्या हातानं धरलं का त्याच्या आंगावरचा चिकटा निंघते, मंग तो जगत नाही." धरलेला मासा जगला काय अन् न जगला काय, खायचाच ना? या बोलण्यात काहीतरी आहे असं समजून मी दोन्ही हात कोपरापर्यंत भिजवले. मग ते म्हणाले, काट्यांच्या मागून धरा, मूठ आवळू नका, पाण्यालगत ठेवा. सगळं केलं. तोंडात पाहिलं तर गळ दिसेना. मी आकाशाकडे पाहत बसलो तेवढ्या वेळात टेंगऱ्यानं तो पार पोटाकडे नेला होता. वामनरावांनी वाकून पाहिलं, खिशातून चाकू काढला आणि माझ्यापुढे धरला. "गिळला त्यानं. ओढू नका, आतडं येईन बाहेर. तोंडापाशी दोरा तोडा, अन् द्या सोडून. गळ राहू द्या आत."

दोरा तोडा! रुपरावजी, मी मनात हसलो. एवढा कच्चा नाही मी. म्हणालो, "नाही जी, तोडाचा काहून? सोडवतो ना मी." ते पुन्हा म्हणाले तोडा. मी पुन्हा म्हणालो सोडवतो. ते जितका आग्रह करत तितका माझा संशय पक्का होई. माझ्या मुलीचं लग्न त्या एका दोऱ्यावर टांगलेलं, आणि हा माणूस मला हसतमुखानं चाकू देतो आहे! मी बोट आत घातलं, टेंगरा उसळला, आणि त्याचा काटा माझ्या अंगठ्यात असा घुसला की मी मासा, काठी आणि दोरा यांसकट चिखलात बसलो. तरी दोरा सोडला नाही, हे मात्र लिहून ठेवा.

आणि नेमकी तेव्हाच पुष्पा सायकलवर डबा घेऊन आली. (तिला कुसुमनं पाठवलं. होणाऱ्या सासऱ्यासमोर मुलीनं न बोलावता येऊ नये असं मी बजावलं होतं, पण घरात माझं ऐकतं कोण. पुष्पा हे लिहिताना हसते आहे.) तिनं सायकल टाकली, "बाबा, सोडा त्याले, मरून राहिला तो," म्हणाली, वामनरावांच्या हातातून सरळ चाकू घेतला, हात पाण्यात बुडवून टेंगरा मागून धरला, आणि दोरा कट्! मासा पाण्यात ठेवला, जरा धरून ठेवला, तो शेपटी हलवून गेला. मी डोळे मिटून घेतले. सोयरीक संपली असंच मला वाटलं.

तर वामनराव काय म्हणाले? "पोरगी पसंत आहे आमाले." मी विचारलं, ते कसं? म्हणाले, "आमच्या घरी सारे एकमेकाले विचारतच बसते. हिनं विचारलं नाही, चाकू घेतला." मग तळ्यावर कशाला आणलंत? तर म्हणे, "घरी लूमच्या खडखडाटात दोन शब्द ऐकू येत नाही. व्याह्यासोबत निवांत बसाचं होतं." एवढंच! आणि लगेच, अक्षयतृतीयेचा मुहूर्त चालेल का? बघा घाई. मी हे सगळं घरी सांगितलं तर कुसुम अंगठा कढत पाण्यात बुडवता बुडवता शांतपणे म्हणाली, "ते लडी दोन जागी तोडली होती म्या. दादानं खिशातलं ब्लेड देल्लं. सासूबाईनं पाह्यलं, अन् वरून पदर टाकला." म्हणजे माझं लग्न तुमच्या ब्लेडावर जमलं, आणि मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही. आई गेली, आता तिला काय विचारणार. पण तुमच्यावरचा माझा संशय मात्र जुना आणि रास्त होता.

तर आता काम. जी माणसं एवढ्या लवकर हो म्हणतात त्यांच्यात काहीतरी असणार. मुलगा कसा आहे, काय खातो, कोणाशी बसतो, याची कामठीत नीट चौकशी करून कळवा. गुडघा बरा असल्याचं तुम्हीच लिहिलं आहे, तेव्हा सबब चालणार नाही.

तुमचा मेहुणा,
बाबन

ता. क. टेंगऱ्याच्या काट्याला कढत पाण्याचा शेक चांगला, असं वामनरावांनीच सांगितलं. गुण येतो आहे. हेही जरा संशयास्पदच.

ता. क. हे डाव्या हातानं लिहितो. पुष्पा पाणी तापवायला गेली आहे. चौकशी करू नका. मी स्वतः आधीच कामठीला दोनदा जाऊन आलो, पोरगा सोन्यासारखा आहे. पण अक्षयतृतीया फार जवळ आहे हो. पोरगी घरातून जाणार या विचारानं मला जेवण जात नाही. तुम्ही मामा आहात, मुहूर्त दिवाळीनंतरचा काढायला लावा. कारण काहीही सांगा. मी मासे धरतो असं सांगू शकलात, तर हे काय अवघड आहे?

ता. क. मामा, बाबांचं डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे, सगळं वाचता आलं. दिवाळीनंतरचंच करा. मलाही एवढ्यात जायचं नाही. पण मी असं लिहिलं हे बाबांना कळू देऊ नका, त्यांना लगेच वाटेल की मला मुलगा पसंत नाही. पसंत आहे. — पुष्पा