पडेगावचे वारूळ आणि माझ्या कोरण्या

मी, खंडेराव मुंजाबा गडदे, वय ६८, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार पुंडलिकनगर, औरंगाबाद, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दबाव कोणाचाही नाही. दबाव आणणारे दमले.

१. राहते घर मुलगा हनुमान व मुलगी अक्षदा यांना निम्मे निम्मे. नळ आठ दिवसांनी येतो, तरी आमचा ड्रम तिसऱ्या दिवशी अर्धा कसा होतो, हे दोघांनी मिळून शोधावे. मला शेजारच्या बद्रीनाथचा संशय आहे.

२. पडेगावची पाच गुंठे जागा हनुमानला, पण विकता येणार नाही. भोवती सगळे प्लॉट पडले तरी तिथले वारूळ हलवू नये. माझे वडील तिथे मेंढ्या बसवत, तेही वारुळापासून दहा पावले लांब. पाऊस बरा झाला की त्यावर भुईछत्र्या उगवत. त्याच मी चाळीस वर्षे लाकडात कोरल्या आणि कागदावर छापल्या.

तीन वर्षे पाऊस नाही, भुईछत्री नाही. त्यात गेल्या उन्हाळ्यात घरातल्या माझ्या नऊ ठशांना वाळवी लागली. हनुमानने घरात फवारले ते फवारले, वर पडेगावच्या वारुळातही औषध ओतले. "बाबा, तुमच्यासाठीच केलं. वाळवी तिथूनच येती ना?" अख्खे शहर ओलांडून येते म्हणे! ती वाळवीच जमिनीखाली भुईछत्री पिकवते, हे त्याला लहानपणी खांद्यावर बसवून सांगितले होते. तेव्हा बहुधा झोपला होता. मला ते वारूळ मेल्याचे दुःख ठशांपेक्षा जास्त आहे.

३. कोरण्या, रोलर व कोऱ्या फळ्या यांतले हनुमानला काहीही मिळू नये. सर्व अक्षदाला. तिला कोरणी धरता येत नाही, पण तिने काही मारलेले नाही.

४. वाळवीने खाल्लेला एक ठसा तसाच छापून पाहिला. माझ्या सगळ्या कामापेक्षा सरस आला. त्याखाली मी सही केलेली नाही. तोही अक्षदाला.

५. (आज वाढवलेले.) हद्द मोजायला पडेगावला गेलो, तर वारुळाभोवती ओल. कोणाचे सांडपाणी सोडले म्हणून राखणदार सांडूला दरडावले.

"सांडपाणी नाय सर. हनुमानभाऊ आणतेत, गाडीवर दोन कॅन. लई दिवस झाले. म्हनले, वारूळ जितं झाल्याबिगर बाबांना सांगू नको."

सबब कलम ३ रद्द. कोरण्या हनुमानला द्याव्यात. मात्र गाढव पाणी वारुळाच्या तोंडात ओततो आहे. बुडाशी ओतावे, थोडे थोडे. लिहून ठेवून त्याला कळायचे नाही; उद्या सकाळी मीच त्याच्या गाडीवर मागे बसून जाणार आहे.

सही: खं. मुं. गडदे
साक्षीदार: १. अप्पाराव शेळके, माजी मुख्याध्यापक, उस्मानपुरा
२. बद्रीनाथ काळे, शेजारी (पाण्याचा आळ मागे घेतला आहे)
औरंगाबाद, १९ मे २०१६