लाल कार्ड आणि दोन खोल्या

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. कारण आजपासून मी रिसर्चमध्ये आहे.

म्हणजे ताई आहे. पण तिला नेणं-आणणं माझ्याकडे, म्हणजे एकूण मीच. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला गोष्टी सावकाश समजतात, वाचायला वेळ लागतो, घाई केली की गप्प होते. अशा माणसांच्या आयुष्यातले निर्णय कोण घेतं यावर संशोधन चाललंय आणि ते तशीच माणसं करतायत. आयडिया चांगली आहे. मला आधीच सुचायला हवी होती.

गळ्यात घालायला बॅज मिळाले. तिच्यावर ‘संशोधक’. माझ्यावर ‘सोबत’. डॉक्टरबाईंना (दवाखान्याच्या नव्हेत, पीएचडीच्या) विचारलं, ही चूक दुरुस्त कधी होणार? म्हणाल्या, चूक नाहीये ती. पहिल्याच दिवशी अपमान. लक्षात ठेवलाय.

५ फेब्रुवारी
संताप! मीटिंगमध्ये प्रत्येकापुढे एक लाल कार्ड ठेवतात. कुणी फार बोललं किंवा अवघड बोललं की ते वर करायचं. बोलणाऱ्याने थांबायचं, सोपं करून सांगायचं. मी फक्त समाजाची मानसिकता मांडत होतो. ताईने कार्ड वर केलं. म्हटलं, अगं ताई, मी आहे! तिने आणखी वर केलं. मग तिच्या मैत्रिणीने, ती बेकरीत काम करते. मग टेबलभर लालच लाल. ज्यांच्यासाठी घसा कोरडा करतोय, तेच!

संकल्प: उद्यापासून मोजकं बोलणार.

७ फेब्रुवारी
ताईने तोंडावर पाणी शिंपडून उठवलं. बसमध्ये कंडक्टरने मला विचारलं, हिला कुठे उतरवायचंय? हिला! ती समोर उभी, हातात सुटे पैसे तयार. डोकंच फिरलं. म्हटलं, तिला विचारा! ती स्वतंत्र व्यक्ती आहे, आणि तिच्या वतीने मी तुम्हाला सांगतो की... मग अर्धी बस माझ्या बाजूने, अर्धी त्याच्या. एक आजोबा काठी घेऊन उठले, कुणाच्या बाजूने ते कळलं नाही. मी जिंकत आलो होतो, तेवढ्यात बस डेपोत शिरली. ताई कधीच उतरून गेली होती.

डेपोत एक इंजिन खोलून ठेवलं होतं. ते बघत बसलो. मेकॅनिक व्हावं असं पुन्हा वाटलं. रिसर्चच्या ऑफिसात पोचेपर्यंत चहा संपला होता. ताई म्हणाली, हरवलास ना? म्हटलं, तुझ्यासाठी लढत होतो. म्हणाली, अरे, नुसता स्टॉप तर सांगायचा होता. तो मीच सांगत होते, तुझ्या आवाजात ऐकूच गेलं नाही त्याला.

मोजकं बोलणं सोमवारपासून.

१२ फेब्रुवारी
मोठी बातमी. ताईला वेगळं राहायचंय. ती आणि बेकरीवाली, दोन खोल्यांचा फ्लॅट. फ्लॅट देणाऱ्या संस्थेची एक बाई रोज चक्कर मारणार. फ्लॅट पाहून आलो. खिडकीखालीच सायकल दुरुस्तीचं दुकान. झकास!

संध्याकाळी मामा आले. टेबलावर हात आपटून म्हणाले, डोकं फिरलंय का सगळ्यांचं? गॅस चालू राहिला म्हणजे? हे सगळं आईला. ताई समोर बसलेली, तिच्याकडे बघितलंही नाही. आई घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. ताई म्हणाली, मामा, मागच्या महिन्यात गॅस यानेच चालू ठेवला होता. विषय भरकटवायची सवय आहे तिला.

मी शंभर टक्के ताईच्या बाजूने. खोल्यांचंही ठरवून टाकलं. एकीत ताई, एकीत मी. बेकरीवालीचं बघू, ती येऊन-जाऊन राहू शकते. इथे रोज तेच ऐकून वीट आलाय: कधी उठलास, कुठे होतास, कामाचं काय. ताई स्वातंत्र्य घेतेच आहे, तर दोघांपुरतं घेऊ.

तिला अजून सांगितलं नाही. सरप्राइज.

१५ फेब्रुवारी
ताईला प्रश्न विचारायची प्रॅक्टिस हवी होती. म्हटलं, घे माझी मुलाखत, तुलाही कळेल स्वतंत्र माणूस कसा असतो.

शर्ट कोणता घालायचा हे कोण ठरवतं? आईने इस्त्री केलेला असेल तो. सकाळी कोण उठवतं? मी बॅजची दोरी बोटाला गुंडाळत बसलो. ती म्हणाली, घाई नाही, वेळ घे. बाहेर जाताना बस कोण सांगतं? म्हटलं, तुझे प्रश्नच चुकीचे आहेत, यात माणसाची आतली धडपड कुठे येतेय? लाल कार्ड. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तुला आधार लागतो रे. त्यात लाजायचं काही नाही.

ताडकन उठलो, दार आपटून बाहेर पडलो. जिना उतरल्यावर कळलं, पायात आईच्या चपला आहेत. आता लगेच परत कसं जाणार? तशाच घालून तासभर फिरलो. रागात.

२० फेब्रुवारी
सोमवारी फ्लॅटची बैठक. संस्थेचे साहेब, मामा, आई, सगळे. तिथे जमलं नाही तर फ्लॅट दुसऱ्या कुणाला जाणार, मग ताईचा नंबर पुन्हा कधी लागेल देव जाणे. ती दोन रात्री नीट झोपलेली नाही.

ताईने शेजारी बसायला एक माणूस निवडायचा. त्याने स्वतःचं मत सांगायचं नाही. प्रश्न सावकाश पुन्हा विचारायचा आणि थांबायचं. एवढंच.

कोण ते उघडच आहे. भाषण लिहायला घेतलं. सुरुवात जोरदार: ‘शतकानुशतकं...’ पुढचं सायकलच्या दुकानात बसून लिहावं म्हणून गेलो. तिथे एक गिअरवाली सायकल आली होती. भाषण उद्या.

२५ फेब्रुवारी, सोमवार
पेन दाबून लिहितोय. रागाने.

ताईने आईला निवडलं.

आईला! जी रोज रडते, ताई गेली तर घर खायला उठेल म्हणते! मी मोठ्याने म्हटलं, अहो, ती विरोधात आहे! साहेबांनी ताईला विचारलं, आईच का? ताईला वेळ लागत होता. मी मदतीला तोंड उघडलं. लाल कार्ड. मग म्हणाली, आई थांबते. माझं बोलून होईपर्यंत थांबते.

मामांनी गॅसचं काढलं. आईने सख्ख्या भावाचा तो प्रश्न ताईला सावकाश पुन्हा विचारला आणि ओठ दाबून बसली. मी मनात शंभर आकडे मोजले असतील. मग ताईने सांगितलं, आधी शेगडीचं बटण, मग सिलिंडरचं, मग बेकरीवाली येऊन बघते. मामा म्हणाले, आणि चुकलीस तर? ताई म्हणाली, शिकेन. तुम्ही स्कूटर तीनदा पाडलीत, तुमची स्कूटर काढून घेतली का कुणी? साहेब हसले. आई हसली, हसता हसता डोळे पुसले.

मला राहवेना. उभा राहिलो आणि म्हटलं, आम्हा दोघांना स्वतंत्र जगायचंय! साहेब म्हणाले, दोघं कोण? खोल्यांची वाटणी समजावून सांगितली. ताईने कार्ड वर केलं. मग आईने. मग मामांनी, बेकरीवालीच्या हातातलं ओढून घेऊन.

फ्लॅट मंजूर. मी वातावरण तापवलं नसतं तर झाला असता का? एकानेही आभार मानले नाहीत.

३ मार्च, रविवार
सामान मी चढवलं. दोन पलंग, एक कपाट. दुसऱ्या खोलीत बेकरीवालीचा पलंग मी म्हटलं होतं त्याच भिंतीला बसला. माझा अंदाज चुकत नाही.

निघताना ताई म्हणाली, येत जा. पण आधी फोन कर. मग आतून कडी लागली. आत दोघी हसत होत्या. माझ्यावर नसावं.

६ मार्च, दुपारी साडेबारा
आत्ता उठलो. कुणी उठवलंच नाही. आईला जाब विचारला तर म्हणाली, ते आता तुझं तू ठरव. आणि गेली कामाला. इस्त्रीचा शर्ट नाही. रिसर्चवाल्यांनी बॅज परत मागवलाय. ताई एकटी येते, सोबत लागत नाही म्हणे.

आज जाऊन बॅज त्यांच्या टेबलावर आपटणार होतो. बस कोणती ते आठवेना. ताईला फोन लावला. आधी तिला चांगलं सुनावलं, मनात होतं नव्हतं ते सगळं. तिने ऐकून घेतलं. फोनवर कार्ड दाखवता येत नाही. मग विचारलं, बस कोणती?

ती म्हणाली, तुला जायचंय कुठे?

आता उत्तर सोपं होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. बराच वेळ. तिने फोन ठेवला नाही, काही सुचवलंही नाही. नुसती थांबली. मागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली. बटण बंद केल्याचं ऐकू आलं. तरी ती थांबलेलीच.

मी काहीतरी बोलणार एवढ्यात फोन बंद पडला. रात्री तो चार्जिंगला ताई लावायची.