झोपाळ्याची पट्टी मी उभी करणार नाही

निफाड, फेब्रुवारी १९९८

चि. शेखर यास यादवमामाचे आशीर्वाद (या खेपेस थोडे हातचे राखून). तुझी तब्येत ठणठणीत असणारच. दुसऱ्याच्या कामात चुका काढणाऱ्याला सहसा काही होत नाही. इकडे तुझी मामेबहीण हर्षालीही बरी आहे.

तर, तिच्या डोहाळजेवणाचा झोपाळा. तो टांगायला दोन खांबांवर मी लोखंडी पट्टी रुंद बाजूवर आडवी टाकली आणि माणूस बसताच ती वजनाने चार बोटं वाकली, हे तू पाहून गेलासच. जाताना, पट्टी उभ्या कडेवर ठेवा, असा सल्लाही देऊन गेलास. मी मानला नाही. बसायचं ते रुंद बाजूवर, हे माझ्या बैलालाही कळतं. मी सरळ सिन्नरला गेलो आणि एका कारखान्यातून, लालबुंद तापवून पाणी दिलेल्या कडक पोलादाची पट्टी आणली, माप तेच. कानस लावली तर कानसच घसरते. (एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरशी भांडण झालं, ते वेगळं.)

परवा विहीणबाई तानुबाई तयारी बघायला आल्या आणि स्वतःच झोपाळ्यावर बसल्या. (वजन लिहीत नाही, सोयरिक आहे.) पट्टी पुन्हा तेवढीच वाकली, चार बोटं. त्या उठल्यावर मात्र सरळ झाली. पण तेवढं पाहायला त्या थांबल्या कुठे? "यादवभाऊ, माझी सून ह्याच्यावर नाय बसायची," म्हणाल्या.

फोनवर तुला सांगितलं तर तू हसलास. म्हणे ताठपणा ठरतो तो लोखंडाचे अणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत त्यावर, आणि पाणी दिल्याने ती पकड बदलत नाही. कडक पोलाद तुटायला किंवा कायमचं वाकायला जास्त वजन मागतं, एवढंच. बाकी त्याच वजनाला ते साध्या लोखंडाइतकंच वाकणार. असेल. पण निफाडात माझ्या अंगणात काय उभं आणि काय आडवं, हे अणू ठरवणार नाहीत. पट्टी आडवीच राहील. विहीणबाईंना काय वाटायचं ते वाटो.

तुझा,
यादवमामा

ता.क. हर्षाली म्हणते, "बाबा, तुम्ही बांधलाय ना, मग मी बसेन." तेव्हापासून मला जेवण जात नाही.

ता.क. काल घरात दुसरं कुणी नसताना पट्टी उभी करून पाहिली. मी आणि तुझी मामी दोघं बसलो. वाकल्याचं दिसलंसुद्धा नाही. पुन्हा आडवी करून ठेवली आहे.

ता.क. रविवारी सकाळीच ये. विहीणबाईंच्या देखत पट्टी उभी करायचा हट्ट धर. मी बराच वेळ नाही म्हणेन, कदाचित तुला बोलेनही. ऐकू नकोस. हर्षाली बसायच्या आत मला हरव.